कुलूप निघालं, बाजार भरेल?

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचं गाव. काळ्या रंगाची ही मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. मूर्तीच्या पूजेवरून आणि लेपावरून श्वेतांबर व दिगंबर पंथीयांत वाद झाला आणि १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली, मार्चमध्ये दार उघडलं. चार दशकांत गावाच्या बाजाराचं काय झालं आणि त्याला हे कुलूप किती जबाबदार, यावरचा हा संवाद. एक निवृत्त शिक्षक आणि एक जुने अडते ही दोन्ही पात्रं कल्पित आहेत. सन, निवाडे आणि भाव मात्र खरे.

शेठ: गुरुजी, तुमी हिशोब कसाही मांडा. या गावाच्या बाजाराले उतार लागला तो कुलूप लागलं तवापासून. देवाचं दार बंद झालं अन् त्याच्या मांगं आमच्या दुकानाचे दारं लागत गेले. बेचाळीस वर्सं लोकायनं झरोक्यातून दर्शन घेतलं. झरोक्यातून देव दिसते हो, गिऱ्हाईक नाई दिसत.

गुरुजी: पण वाद काही १९८१ चा नाही, शेठ. १९०५ साली दोन्ही पंथांनी बसून पूजेचं वेळापत्रक ठरवलं. कोणी कोणत्या वेळी पूजा करायची, ते कागदावर आलं. तेही टिकलं नाही. १९१० मध्ये प्रकरण अकोल्याच्या कोर्टात गेलं, तिथून नागपूर आणि १९२९ मध्ये थेट लंडनची प्रिव्ही कौन्सिल. एवढी भांडणं चालू असताना गावाचा बाजार भरतच होता की. मग दोष एकट्या भांडणाला कसा देता?

शेठ: भांडनात अन् कुलपात फरक असते. भांडन चालू होतं तवा दोन्हीकडचे लोकं येत. पुजारी येत, मुनीम येत, वकील येत, साक्षीदार येत. सारे जेवत, चहा पेत, बैलगाडी भाड्यानं घेत. कुलूप लागलं अन् येनारे दोन्हीकडचे कमी झाले. भांडनानं गाव मरत नाई गुरुजी, येनंजानं तुटलं की मरते.

गुरुजी: येणंजाणं तुटलं असं म्हणता, पण गावातली जानगीर महाराजांची यात्रा कुठे तुटली? महाशिवरात्रीला माणसं येतातच. दिगंबरांचं पवळी मंदिरही गावात आहे. म्हणजे बाहेरचा माणूस गावात येत होता. मुद्दा असा, की आलेला माणूस गावात काय ठेवून जातो? जैन यात्रेकरूचंच बघा. तो धर्मशाळेत उतरतो, भोजनशाळेत जेवतो. सूर्यास्ताच्या आत ताट वाढलं पाहिजे, कांदा-लसूण नको, जमिनीखालचं काही नको. तुमच्या चौकातल्या हॉटेलात आलुबोंडा तळतात, त्याला तो शिवणारही नाही. दार उघडून हजार माणसं आली, तर त्यातला रुपया चौकापर्यंत पोचतो किती?

शेठ: हे तुमी दुकानात बसले नाई म्हनून बोलता. भोजनशाळेतलं अन्न का आभाळातून पडते? दूध लागते, तूप लागते, डाळ, तांदूळ, भाजी लागते. आचारी लागते, भांडे घासाले बाया लागतात. ऑटोवाला लागते, फूलवाला लागते. शेगाव पाहा ना! गजानन महाराजांच्या नावावर अख्खं शहर जगून राह्यलं.

गुरुजी: शेगावचं उदाहरण सगळेच देतात आणि अर्धंच देतात. शेगाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहे. शिरपूरला रेल्वे नाही, वाशीमला जाऊन गाडी धरावी लागते. दुसरं असं, की शेगावला संस्थान एक आहे. त्या एका संस्थानाने देणगीतून भक्तनिवास उभे केले, १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. आपल्याकडे दार उघडल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा बाचाबाची झाली, पोलीस आणावे लागले. ज्या देवस्थानाचा पैसा आणि वेळ शंभर वर्षं तारखांवर गेला, ते गावासाठी कॉलेज कधी काढणार?

शेठ: मंग माझंच म्हननं खरं झालं ना! तारखा नसत्या तं काढलंच असतं.

गुरुजी: कदाचित. तेवढं मान्य. पण मला सांगा, ज्या गावांत देव नाही आणि कुलूपही नाही, त्यांचं काय? नदीकाठची मोठमोठी गावं बघा. हिंगणघाट वेणा नदीवर. तिथल्या कापसाचं नाव विलायतेच्या बाजारात होतं, १८८१ मध्ये तिथे कापड गिरणी निघाली. पुलगाव वर्धा नदीवर, तिथेही गिरणी. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, २००२ मध्ये संपली. पुलगावची गिरणी बंद पडली. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती उभी राहिली नाही. या गावांकडे नदी होती, रेल्वे होती, गिरणी होती. तरी उतार लागला. आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं, आणि आपण म्हणतो सगळं त्या एका कुलपाने केलं.

शेठ: त्यायच्याकडं गिरनी तरी होती बंद पडाले! आमच्याकडं जे होतं ते सांगू का? कापूस होता. पऱ्हाटीचं पीक म्हंजे बाजाराचं पीक. कार्तिकापासून माघापर्यंत वेचनी चाले. तीन-चार वेचे होत. दर वेच्याले बायांच्या हातात मजुरी पडे, अन् ती मजुरी आठवडी बाजारात मोडे. बांगड्या, लुगडं, गूळ, खोबरं. चार महिने बाजार गरम. ज्वारी होती तं कडबा होता, कडबा होता तं ढोरं होते, ढोरं होते तं दूध होतं. आता सोयाबीन. शंभर दिवसांत पीक मोकळं. हार्वेस्टर येते, एका दिवसात वावर साफ. मजुरी कोनाले भेटते? हार्वेस्टरवाल्याले. कडबा नाई, ढोर नाई. दसरा-दिवाळीच्या मधात सारा पैसा येते, अन् दिवाळी सरली की कृषी केंद्राची उधारी फेडून हात रिकामे.

गुरुजी: शेठ, आता तुम्ही माझ्या बाजूने बोलायला लागलात.

शेठ: बाजू-बिजू मले नाई समजत. मी डोयानं पाह्यलं ते सांगतो.

गुरुजी: डोळ्यांनी पाहिलंत, तेच खरं कारण आहे. विदर्भात १९९० नंतर सोयाबीन पसरलं ते शेतकऱ्याच्या मूर्खपणाने नव्हे. कापसाला फवारणी, वेचणी, मजूर, सगळंच महाग झालं. सोयाबीन लवकर निघतं, मागून हरभरा घेता येतो. शेतकऱ्याचा हिशोब त्याच्यापुरता बरोबर होता. पण बाजाराचा हिशोब कोणी केलाच नाही. कापसाला जिनिंग जवळ लागायचं, सरकीसकट कापूस लांब नेणं परवडत नसे. म्हणून तालुक्या-तालुक्याला जिनिंग-प्रेसिंग होतं, तिथे हमाल होते, कारकून होते. सोयाबीनला तसं काही लागत नाही. दाण्यात तेल अठरा-वीस टक्के, ते काढायला मोठा सॉल्व्हंट प्लांट लागतो. तो गावात निघू शकत नाही. म्हणून कट्टे भरले, ट्रकमध्ये टाकले, संपलं. तेल तिकडे, पेंड तिकडे, आणि भाव तर त्याहूनही लांब ठरतो.

शेठ: भावाचं नावच नोका काढू. २०२१ च्या श्रावनात सोयाबीन दहा हजाराच्या वर गेलं. लोकं म्हने, शेठ, दाबून ठेवा. तेवढ्यात सरकारनं बाहेरून सोयापेंड आनाले परवानगी देल्ली अन् माल येईपर्यंत भाव खाली. २०२४ ले हमीभाव ४,८९२ अन् बाजारात चार हजाराच्या मांगंपुढं. सरकारी खरेदीले गेलं तं आर्द्रता बारा टक्क्याच्या आत पाह्यजे. पानी लागलेला माल, बारा टक्के कुठून आनाचा? नोव्हेंबरात पंधरा केली, पन तवापर्यंत गरजूनं विकून टाकलं होतं.

गुरुजी: देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यावरचं शुल्क दिल्लीत वाढलं की इथे दोनशे रुपये वर, कमी झालं की खाली. इंडोनेशियातल्या पामतेलावर आपल्या आठवडी बाजाराची भाजी अवलंबून. पण शेठ, एक विचारतो, रागावू नका. तुम्ही अडते लोकांनी इतकी वर्षं काय केलं? माल यायचा, हर्रास व्हायचा, अडत कापायची आणि ट्रक रवाना. चाळीस वर्षांत गावात एक डाळमिल काढावी असं कोणाला वाटलं नाही?

शेठ: घ्या! आता आमच्यावरच. गुरुजी, बाजाराले शिस्त लावाचं काम याच मुलखानं पयलं केलं, इसरू नोका. देशातला पयला नियंत्रित कापूस बाजार १८८६ ले कुठं झाला? कारंज्याले. आज आपल्याच जिल्ह्यात हाय. वऱ्हाडचा बाजाराचा कायदा आला १८९७ ले. वजनकाटा, अडत, हमाली, सारं कागदावर. शेतकऱ्याले लुटू नये म्हनून. ते काम अडत्यायच्या साक्षीनंच झालं.

गुरुजी: तो अभिमान मलाही आहे. पण त्या कारंज्याकडेच बघा. कापूस वाहायला शकुंतला रेल्वे आली, मूर्तिजापूर ते यवतमाळ. आज ती बंद आहे. १८८६ च्या बाजाराने माप नीट केलं, दर उघड केला. पण कच्चा माल कच्चाच बाहेर गेला. पुढची पायरी चढायची राहिली. तुरीचं घ्या. सोयाबीनच्या ओळींत आपण तूर घेतो. ती तूर जाते अकोल्याच्या डाळमिलला. क्विंटलभर तुरीची सत्तर-पंच्याहत्तर किलो डाळ होते. उरलेल्या चुणी-भुशाचं ढोरांचं खाद्य होतं. डाळ तिकडे, चुणीही तिकडे. मग तीच डाळ पाकिटात बांधून तुमच्या दुकानात येते.

शेठ: अन् मीच इकतो.

गुरुजी: तुम्हीच विकता. पाण्याचंही तसंच. काटेपूर्णा आपल्या जिल्ह्यात काट्याजवळ उगवते, धरण झालं महानला, पाणी पितं अकोला शहर. दक्षिणेकडचं पाणी पैनगंगेला जातं, तिथून गोदावरीला. आपण पाणलोटाच्या कण्यावर बसलोय. आपल्या अंगावर पडलेला थेंब एकतर तापीच्या वाटेने अरबी समुद्रात जातो, नाहीतर गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागरात. पैशाचा उतारही त्याच दोन दिशांना आहे. एवढं सगळं वाहून जात असताना मंदिराच्या दारावरच्या कुलपाकडे बोट दाखवणं सोपं पडतं. ते दिसतं ना.

शेठ: बरं, मी अडत्या, मी दोषी. तुमचं काय, गुरुजी? तीस-पस्तीस वर्सं पगार घेतला. राह्यले इथं, पन प्लॉट कुठं घेतला? वाशीमले. लेकराले कुठं शिकोलं? अकोल्याले, मंग पुन्याले. दिवाळीचे कपडे कुठून आले? शिरपुरातून एक रुमाल तरी घेतला का? गावात सरकारचा नगद पैसा आनणारे तुमी, मास्तर, ग्रामसेवक, बँकवाले. दर महिन्याच्या एक तारखेले पैसा येते अन् दोन तारखेले एस.टी.नं वाशीमले जाते.

गुरुजी: हे लागलं. आणि खरं आहे. एवढंच म्हणेन, की पोरांना शिकवायला गावात काय होतं? आम्ही वर्गात हुशार पोरगं पाहिलं की म्हणायचो, "बाळा, तू इथे राहू नकोस." शाळेचं यश आम्ही गावाबाहेर गेलेल्या पोरांवर मोजलं. फलकावर नावं लावली तीही बाहेर गेलेल्यांची.

शेठ: मंग कुलपाले पन थोडा दोष द्या, मले पन द्या, तुमी पन घ्या. पन गाडी कुठं तरी सुरू करा. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला. ७०१ किलोमीटर. २०२५ च्या जूनपासून नागपूर-मुंबई सारा खुला. आता तरी फरक पडन का नाई?

गुरुजी: तो रस्ता कुंपणातला आहे, शेठ. त्याच्या काठाला टपरी टाकता येत नाही, कुठूनही चढता येत नाही. जुन्या रस्त्यावर गाडी थांबायची, माणूस चहा प्यायचा, पानपट्टी चालायची. हा रस्ता गाव न बघता १२० च्या वेगाने पुढे जातो. जमिनीचे पैसे ज्यांना मिळाले त्यातल्या कितींनी ते धंद्यात घातले, ते तुम्हीच सांगा.

शेठ: चारचाकी घेतल्या. बंगले बांधले. अन् वाशीमले प्लॉट.

गुरुजी: म्हणजे पैसा पुन्हा वाशीमलाच. रस्त्याने आपला कच्चा माल आधीपेक्षा लवकर बाहेर जाईल, एवढाच फरक. इथून पक्का माल जायला लागला, तरच रस्ता आपल्या कामाचा. नाहीतर २०१८ मध्ये नीती आयोगाने वाशीमचं नाव आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं, तसंच हेही. जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा झाला तेव्हाही आपण म्हणालो होतो, आता होईल. गंमत बघा, इंग्रजांनी बासिम जिल्हा मोडून अकोल्यात घातला १९०५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी पूजेचं वेळापत्रक झालं त्याच वर्षी. जिल्हा गेला, आला, देव कुलपात गेला, बाहेर आला, रस्ता आला. आपण दर वेळी कोणाच्या तरी येण्याची वाट बघत बसलो.

शेठ: वाट पाहू नये तं करावं काय? बोला ना. निसतं निदान नोका सांगू, औषध सांगा.

गुरुजी: आधी माल थांबवायचा. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या पाऊणपट कर्ज सहा महिन्यांसाठी सहा टक्क्याने. दिवाळीचा खर्च भागतो आणि माल पडत्या भावात विकावा लागत नाही.

शेठ: योजना कागदावर लय चांगली हाय. पन गोदाम पाह्यजे अन् शेतकऱ्याले ते बाजार समितीत नेऊन ठेवाचं भाडं परवडलं पाह्यजे. गावात गोदाम झालं तं अर्धी लढाई जिंकली. ते मी करू शकतो. माझं जुनं गोदाम रिकामंच हाय.

गुरुजी: दुसरं, डाळमिल. सोयाबीनचं तेल आपल्या आवाक्यातलं नाही, तूर आणि हरभरा आहेत. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी काढा, तुम्ही तुमचा अनुभव घाला. मालाची पारख, गिऱ्हाईक, उधारी वसूल करणं, हे शेतकऱ्याला जमत नाही आणि नोकरदाराला तर मुळीच नाही. ते तुमच्याकडेच आहे.

शेठ: अन् डाळ इकाची कुठं? अकोल्याच्या मिलवाल्यासमोर आपन टिकू का? तो टनानं घेते, त्याचा खर्च कमी.

गुरुजी: अकोल्याशी स्पर्धा कशाला? पहिलं गिऱ्हाईक गावातच आहे. तेच तर तुम्ही मघाशी सांगितलंत. भोजनशाळेला डाळ लागते, तूप लागतं, भाजी लागते. दोन्ही पंथांच्या भोजनशाळा, जानगीर महाराजांचं संस्थान, शाळांचा पोषण आहार. यांनी वर्षभराची डाळ गावच्या मिलची घ्यायची, एवढं ठरलं तरी मिल पहिलं वर्ष तग धरेल. पूजेच्या वेळा ठरवायला दोन्ही पंथ एकदा एकत्र बसले होते. डाळीच्या भावावर बसायला काय हरकत?

शेठ: म्हंजे दार उघडलं त्याचा फायदा हायच ना शेवटी! मी सुरुवातीले तेच म्हनत होतो.

गुरुजी: फायदा आहे, शेठ. नाकारलं कधी? मोडलेला बाजार यात्रेकरूच्या जोरावर उभा राहत नाही, एवढंच माझं म्हणणं. उभा असलेला बाजार मात्र त्याच्या पैशाने चांगला चालतो.

शेठ: मंग एक अट माझी. मी गोदाम देतो, मिलमध्ये पैसे घालतो. तुमी अन् तुमच्या पेन्शनवाल्या दोस्तायनं भागभांडवलात वाटा घ्याचा. वाशीमचा एक प्लॉट इका. अन् वर्षभराचा किराणा गावातून. चालते का?

गुरुजी: प्लॉट पोराच्या नावावर आहे, त्याला विचारावं लागेल. किराणा आणि भागभांडवल मात्र आजपासून मान्य.

इथे दोघांचं बोलणं थांबलं. कुलपामुळे बाजार मोडला की बाजार आधीच मोडत होता, यावर दोघांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही, आणि व्हायची गरजही नव्हती. शेठचा दावा अर्धा खरा आहे: बाहेरून माणूस येणं बंद झालं की गावाचा व्यापार आटतो. गुरुजींचा दावा जास्त खरा आहे: जे पिकतं ते कच्चंच बाहेर गेलं आणि मिळालेला पगारही बाहेरच खर्च झाला, तर देव उघडा असो की कुलपात, गाव रिकामंच होणार. कोर्टाने मंदिराच्या दाराचा प्रश्न बेचाळीस वर्षांनी सोडवला. बाजाराचा प्रश्न कोणत्याही कोर्टात दाखल झालेला नाही, म्हणून त्याची तारीखही कोणी देणार नाही.

ज्यांचं गाव असंच उताराला लागलं असेल, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत घरकुलाच्या यादीआधी एक विषय मांडावा: गेल्या हंगामात गावातून किती माल कच्चा गेला, तो परत कोणत्या भावात विकत घेतला आणि मधला पैसा कोणाकडे राहिला. हा हिशोब फळ्यावर लिहायला गुरुजी आहेत आणि आकडे सांगायला शेठ आहेत. दोघांनाही एकाच सभेत बोलवा.